17 मिनिटं आणि एक लॅटिन शब्द : हंगेरीतल्या एका रोमा आईचं प्रकरण

2 जानेवारी 2001. हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यात राहणाऱ्या, रोमा या युरोपभर विखुरलेल्या अल्पसंख्याक समाजातल्या एका बाईला कळा सुरू झाल्या, पाणमोट फुटली आणि पाण्याबरोबर भळाभळा रक्त जायला लागलं. वय 27, पदरात तीन मुलं, हे चौथं. रुग्णवाहिकेतून तासभराचा प्रवास करून तिला फेहेरद्यारमत या गावच्या रुग्णालयात आणलं गेलं. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा बाळ पोटातच गेलेलं होतं. पिशवी आकसली होती, वार सुटली होती. सिझर ताबडतोब करायला हवं होतं.

ती टेबलावर असताना तिच्यापुढे सिझरचं संमतीपत्र आलं. त्याच कागदावर डॉक्टरांनी हातानं आणखी काही लिहिलेलं होतं, जेमतेम वाचता येईल अशा अक्षरात. आशय असा, की बाळ पोटात दगावल्याचं मला माहीत आहे, माझं निर्बीजीकरण करावं अशी माझी ठाम विनंती आहे, मला पुन्हा मूल नको आणि पुन्हा दिवसही राहायला नकोत. निर्बीजीकरणासाठी तिथे वापरलेला शब्द रोजच्या बोलण्यातला हंगेरियन नव्हता, लॅटिन होता. तिला तो माहीत नव्हता. तिनं सही केली.

रुग्णवाहिका दारात आल्यापासून 17 मिनिटांच्या आत सिझर झालं, मृत बाळ आणि वार बाहेर काढली गेली आणि तिच्या बीजवाहिन्याही बांधल्या गेल्या. ही वेळ रुग्णालयाच्याच नोंदींमधली आहे. त्याच नोंदी सांगतात, की आणलं तेव्हा तिला चक्कर येत होती, रक्तस्राव नेहमीपेक्षा बराच जास्त होता आणि ती शॉकमध्ये होती.

घरी सोडण्याआधी तिनं डॉक्टरांना विचारलं, आता माझी तब्येत कशी आहे, आणि पुढच्या बाळासाठी कधी प्रयत्न करता येईल? तेव्हा तिला त्या शब्दाचा अर्थ कळला.

कागदोपत्री ती 'ए. एस.' या आद्याक्षरांनी ओळखली जाते आणि मीही तेवढंच नाव घेणार आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गांमध्ये हे प्रकरण 'माहितीपूर्ण संमती'चं उदाहरण म्हणून शिकवलं जातं. मला ते माता-बाल आरोग्याचं प्रकरण म्हणून वाचायचं आहे, कारण रोमा बायकांच्या आरोग्याबद्दल सर्रास जे बोललं जातं त्याला ते छेद देतं.

बोललं जातं ते असं. युरोपात अंदाजे एक ते सव्वा कोटी रोमा राहतात आणि त्यांच्यातली बाळंतपणं जास्त धोक्याची असतात. बाळं कमी वजनाची होतात आणि पहिल्या वर्षात जास्त दगावतात. सर्बियातल्या रोमा वस्त्यांमध्ये युनिसेफच्या मदतीनं झालेल्या सर्वेक्षणांत अर्भकमृत्यूचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास दिसलं आणि निम्म्याहून जास्त मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. हे खरं आहे. पण यापुढे जी कारणं येतात ती बहुतेक वेळा त्या बायकांच्याच पदरात टाकलेली असतात. त्या तपासायला येत नाहीत, लवकर नाव नोंदवत नाहीत, सल्ला ऐकत नाहीत, शिकलेल्या नाहीत.

ए. एस. मात्र सगळ्या तपासण्यांना गेली होती.

30 मे 2000 ला तिला दिवस गेल्याचं निश्चित झालं. बाळंतपणाची तारीख निघाली 20 डिसेंबर. हंगेरीत गरोदर बाईच्या पाठीशी सरकारी परिचारिकांची एक जुनी, चांगली यंत्रणा आहे. या परिचारिकेला 'वेडोनो' म्हणतात, शब्दशः 'राखणारी बाई'. गरोदरपणापासून मूल शाळेत जाईपर्यंत ती घराशी बांधलेली असते. आपल्या आशाताई आणि एएनएम सिस्टर यांचं काम जवळपास एकाच बाईकडे असावं, असं काहीसं. ए. एस. आपल्या वेडोनोकडे आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे ठरलेल्या प्रत्येक भेटीला गेली. तारखेच्या दिवशी, 20 डिसेंबरला, ती स्वतःहून प्रसूतिविभागात हजर झाली. तिथे तपासून 36–37 आठवडे झाल्याचं सांगितलं गेलं आणि कळा सुरू झाल्या की या, म्हणून परत पाठवलं.

तेरा दिवसांनी बाळ गेलं.

या तेरा दिवसांबद्दल खटल्याच्या कागदपत्रांत फारसं काही नाही. तारीख आणि आठवडे यांचा मेळ बसत नव्हता, तीन-चार आठवड्यांचा फरक होता. मधल्या काळात कुणी तिचं पोट पुन्हा तपासायला हवं होतं का, हा प्रश्न खटल्याचा विषयच नव्हता. वार वेळेआधी सुटणं हे कुणाच्याही बाबतीत अचानक होऊ शकतं आणि डॉक्टरांनी काही चुकवलं असं मी म्हणत नाही. पण हे प्रकरण वाचताना दरवेळी माझ्या लक्षात येतं, की या गोष्टीत एक बाळ होतं आणि ते पहिल्या परिच्छेदानंतर कुठेच उरत नाही. आईच्या बीजवाहिन्यांवर जवळपास पाच वर्षं वाद झाला. बाळाच्या मृत्यूचा शोध त्या वादात कुठेच नाही. रोमा समाजातल्या नवजात मृत्यूंबद्दल इतकी कमी माहिती का, याचं एक कारण इथे दिसतं. दुसरं कारण आकडेवारीतलं आहे. युरोपातल्या बहुतेक देशांत जन्ममृत्यूच्या नोंदीत वंश लिहीत नाहीत. त्यामागे वाईट इतिहास आहे, आणि नोंद नको म्हणणाऱ्यांत स्वतः रोमाही आहेत. 2011 च्या जनगणनेत हंगेरीत सव्वातीन लाखांच्या आत लोकांनी स्वतःला रोमा म्हटलं, तर अभ्यासकांचे अंदाज त्याच्या दुपटीच्या वर जातात. ज्यांची मोजणीच इतकी अवघड, त्यांची गेलेली बाळं कोण मोजणार?

आता त्या 17 मिनिटांकडे येऊ.

वार पिशवीपासून आधीच सुटली की बाळाचा प्राणवायू तुटतो आणि आईच्या पोटात रक्त साचायला लागतं. रक्त गोठण्याची क्रिया बिघडली तर आई तासाभरात हातची जाऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांनी दाखवलेली घाई योग्य होती, तिचा जीव त्या घाईनं वाचला. हे स्पष्ट म्हणायला हवं, कारण रुग्णालयाच्या बचावातला हाच भाग मजबूत आहे.

पण सिझरला घाई होती म्हणून बीजवाहिन्या बांधायलाही घाई होती, असं होत नाही. एका टेबलावर, एकाच भुलीत केल्या तरी त्या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. बीजवाहिन्या बांधल्यानं वाहणारं रक्त थांबत नाही. पुन्हा सिझर झालं तर तिला धोका असेल असं डॉक्टरांना वाटत असेलही. तो धोका पुढच्या गरोदरपणातला, निदान कित्येक महिन्यांनंतरचा. तोपर्यंत तिला शुद्धीत, घरी, जोडीदाराशेजारी बसवून हे सांगता आलं असतं. गोळ्या, तांबी, निरोध, काहीच नको, किंवा ऑपरेशन, असे सगळे पर्याय तिच्यापुढे ठेवता आले असते. ती श्रद्धाळू कॅथलिक होती आणि कोणतंही गर्भनिरोधक तिच्या धर्मश्रद्धेत बसत नव्हतं. दहा मिनिटं निवांत बोलणं झालं असतं तरी हे कळलं असतं.

अशी घाई आपल्याला परकी नाही. 'इथे सही करा, नाहीतर ऑपरेशन सुरू करता येणार नाही' हे वाक्य आपल्याकडच्या किती घरांनी ऐकलं असेल! आपली बाई 'ऑपरेशन' या शब्दावरून काहीतरी ओळखेल. तेच कागदावर 'ट्युबेक्टॉमी' असं लिहिलं, तर चांगली दहावी झालेली बाईही सही करून मोकळी होईल.

इथे भाषेबद्दल थोडं सांगायला हवं. रोमांची रोमानी ही भाषा आपल्याच भाषाकुळातली. त्यांच्या पूर्वजांनी हजारेक वर्षांपूर्वी भारत सोडला, तरी 'पानी', 'मानुष', 'कान', 'बाल' (म्हणजे केस) हे शब्द त्यांच्या बोलण्यात टिकून आहेत. आईला ते 'दाय' म्हणतात. गरोदर बाईसाठी त्यांचा शब्द 'खाम्नी' किंवा 'खाब्नी', तो संस्कृत 'गर्भिणी'पासून आला आणि आपल्याकडे गायी-म्हशींसाठी उरलेलं 'गाभण' त्याचंच भावंड. हे वाचून मराठी माणसाला वाटेल, की ए. एस.ची अडचण भाषेची असणार, रोमानी बोलणाऱ्या बाईला हंगेरियन कागद कळला नसणार. तसं नाही. हंगेरीतले बहुसंख्य रोमा पिढ्यान्‌पिढ्या हंगेरियनच बोलतात, तीच त्यांची मायबोली. तिथे दुभाषा आणून काही सुटलं नसतं. तिच्या आणि कागदाच्या मध्ये आलेली भाषा डॉक्टरांची होती. ती कोणत्याच वस्तीत बोलली जात नाही.

न्यायालयांनी काय पाहिलं

ऑक्टोबर 2001 मध्ये तिनं रुग्णालयावर दिवाणी दावा लावला. अल्पसंख्याकांना कायदेशीर मदत देणाऱ्या 'नेकी' या हंगेरियन संस्थेच्या वकिलानं तो चालवला. 22 नोव्हेंबर 2002 ला फेहेरद्यारमतच्या न्यायालयानं दावा फेटाळला. रुग्णालयाचा थोडा निष्काळजीपणा मात्र त्यांनाही दिसला. तो कोणता? तिच्या जोडीदाराला ऑपरेशनची माहिती दिली नाही, आणि तिच्या हयात मुलांचे जन्मदाखले घेतले नाहीत.

हा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचला. शरीर तिचं, सही तिची, आणि चूक दिसली ती जोडीदाराला न विचारण्यात आणि दाखले न जोडण्यात.

ती साबोल्च-सत्मार-बेरेग परगण्याच्या न्यायालयात गेली. 12 मे 2003 ला तिथेही अपील फेटाळलं गेलं, पण त्या निकालात आधी मान्य केलं होतं, की डॉक्टर निष्काळजी वागले. शस्त्रक्रियेची पद्धत, धोके, इतर पर्याय यांची पुरेशी माहिती तिला दिली गेली नाही. मग भरपाई का नाही? कारण कायमचं नुकसान झाल्याचं तिला सिद्ध करता आलं नाही. न्यायालयाच्या मते बांधलेल्या बीजवाहिन्या पुन्हा जोडता येतात, म्हणून हे ऑपरेशन कायमचं नाही.

कोणत्याही आरोग्य केंद्रात कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनआधी सांगतात, की हे कायमचं आहे, नीट विचार करून या. बीजवाहिन्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया आहे, पण ती अवघड आणि महाग आहे आणि तिच्या यशाची खात्री नाही. जी गोष्ट बाईला समजावताना 'कायमची' असते ती नुकसानभरपाईच्या वेळी 'परत करता येण्याजोगी' कशी होते, हे मला आजही कळत नाही. तिला आणि तिच्या जोडीदाराला या सगळ्यानंतर नैराश्यासाठी औषधोपचार घ्यावे लागले.

12 फेब्रुवारी 2004 ला 'नेकी' आणि युरोपियन रोमा राइट्स सेंटर यांनी मिळून तिची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या 'सीडॉ' समितीकडे, म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव दूर करण्यासाठीच्या समितीकडे नेली. हंगेरी सरकारनं बरेच आक्षेप घेतले. एक आक्षेप तारखेचा होता. वैयक्तिक तक्रारी ऐकण्याचा समितीचा अधिकार हंगेरीसाठी 22 मार्च 2001 पासून लागू झाला आणि ऑपरेशन 2 जानेवारीचं, म्हणजे अकरा आठवडे आधीचं. समितीनं उत्तर दिलं, की ऑपरेशन त्या दिवशी संपलं तरी त्याचा परिणाम रोज चालू आहे. दुसरा आक्षेप असा, की तीन बाळंतपणं झालेल्या बाईला गरोदरपण आणि बाळंतपण म्हणजे काय हे वेगळं शिकवायची गरज नव्हती. जणू बाळंतपणं झाली की लॅटिन आपोआप येतं.

तिसरं म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं होतं. हंगेरीच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यानुसार, परिस्थितीत योग्य वाटेल तेव्हा डॉक्टर माहिती देण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेशिवायही निर्बीजीकरण करू शकत होता. म्हणजे हा त्या एका डॉक्टरचा अविचार एवढंच नव्हतं, कायद्यानंच ते दार उघडं ठेवलं होतं.

14 ऑगस्ट 2006 ला समितीनं निर्णय दिला. शॉकमध्ये असलेल्या, रक्तस्राव होणाऱ्या, नुकतंच बाळ गमावलेल्या बाईला 17 मिनिटांत पुरेशी माहिती मिळणं, तिनं विचार करणं आणि स्वेच्छेनं होकार देणं शक्यच नव्हतं, असं समितीनं मानलं. कुटुंबनियोजनाची माहिती मिळण्याचा, योग्य आरोग्यसेवेचा, आणि मुलं किती व किती अंतरानं हवीत हे ठरवण्याचा, असे तिचे तिन्ही हक्क डावलले गेले होते. तिला भरपाई द्या, संमतीबद्दलचे कायदे तपासा, रुग्णालयांवर देखरेख ठेवा, असं हंगेरीला सांगितलं गेलं. संमतीविना केलेल्या निर्बीजीकरणासाठी आंतरराष्ट्रीय मानवी हक्क यंत्रणेनं एखाद्या सरकारला जबाबदार धरण्याची ही पहिली वेळ मानली जाते.

जे निर्णयात नाही

निर्णयाचा आधार असलेल्या विवेचनात तिच्या रोमा असण्याचा विचार नाही. तक्रारीच्या सुरुवातीला ती रोमा असल्याचं नमूद आहे, तिच्या बाजूनं लढणारी संस्था रोमा हक्कांची आहे, पण हे तिच्याच बाबतीत का घडलं, हा प्रश्न समितीनं घेतला नाही. एका प्रकरणातून हेतू सिद्ध करणं कठीण असतं हे मान्य. तरी मला वाटतं, इथे समिती कमी पडली.

कारण ए. एस.च्या ऑपरेशनच्या आदल्याच वर्षी, सीमेपलीकडे जवळपास हेच झालं होतं. 23 ऑगस्ट 2000 ला स्लोव्हाकियात प्रेशोव्हच्या रुग्णालयात एका वीस वर्षांच्या रोमा मुलीला दुसऱ्या बाळंतपणाच्या ऐन कळांमध्ये सही करायला लावली गेली. पुढच्या खेपेला तू तरी मरशील नाहीतर बाळ तरी, असं तिला सांगितलं होतं. तिच्या केसपेपरवर ती रोमा असल्याची नोंद होती. 8 नोव्हेंबर 2011 ला युरोपियन मानवी हक्क न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. ही वागणूक अमानुष आणि मानहानीकारक ठरवून 31,000 युरो भरपाई द्यायला लावली. भेदभावाचा मुद्दा मात्र बहुमतानं वेगळा तपासायची गरज नाही म्हणून सोडून दिला. ल्यिल्याना मियोविच या न्यायाधीशांनी त्यावर भिन्नमत नोंदवलं, की या प्रकरणाचा गाभा भेदभावच आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं.

मागे आणखी इतिहास आहे. कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात 1970 च्या दशकापासून रोमा बायकांना पैशाचं आमिष दाखवून ऑपरेशनला तयार केलं जाई. 1978 मध्ये 'चार्टर 77' या मानवी हक्कांच्या चळवळीतल्या असंतुष्टांनी त्यावर उघड टीका केली. राजवट 1989 मध्ये गेली, सवय गेली नाही. डॉक्टरांची आणि परिचारिकांची एक पिढी 'यांना खूप मुलं होतात' हे गृहीत धरूनच तयार झाली होती. हंगेरीत तसं सरकारी धोरण असल्याचा पुरावा या प्रकरणात नाही. तरी टेबलावरच्या तीन मुलांच्या रोमा आईसाठी 'मला पुन्हा मूल नको' हे वाक्य डॉक्टरांना तिच्या वतीनं इतक्या सहज लिहिता आलं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मला वाटतं, आरोग्यातली दरी वस्ती आणि दवाखाना यांच्यामधल्या रस्त्यावरच शोधणं अपुरं आहे. रोमानियात 2002 पासून रोमा समाजातल्याच बायका आरोग्य मध्यस्थ म्हणून नेमल्या गेल्या, पुढे सर्बियातही. लसीकरण, नावनोंदणी, गरोदरपणीच्या तपासण्या यांसाठी त्यांचं काम मोलाचं आहे. पण त्यांचं मुख्य काम वस्तीला दवाखान्यापर्यंत आणण्याचं. ए. एस. आलेलीच होती. दवाखान्यानं तिच्याशी कसं वागायचं, हे दवाखान्याला कोण शिकवणार? कळा सुरू असताना किंवा बाळंतपणात निर्बीजीकरणासाठी होकार मागू नये, हे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघानं, म्हणजे 'फिगो'नं, 2011 मध्ये आपल्या नीतिनियमांत लिहिलं. 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तेच संयुक्त निवेदनात मांडलं. तोवर तिच्या ऑपरेशनला तेरा वर्षं झाली होती.

हंगेरीनं 2008 मध्ये आरोग्य कायद्यातल्या निर्बीजीकरणाविषयीच्या तरतुदी बदलल्या. समितीचा निर्णय होऊनही सरकार सुरुवातीला भरपाई द्यायला तयार नव्हतं. 2009 मध्ये, ऑपरेशननंतर आठ वर्षांनी, ती देण्याचं जाहीर झालं.

तिच्याजवळ निदान कागद होता. डॉक्टरांच्या हातची ती ओळ, तो लॅटिन शब्द आणि 17 मिनिटांची नोंद, हे सगळं रुग्णालयाच्या फायलीत शिल्लक होतं आणि त्याच्याच जोरावर प्रकरण उभं राहिलं. चेक प्रजासत्ताकानं 2022 पासून अशा बायकांना प्रत्येकी 3,00,000 कोरुना देणारा कायदा लागू केला. तोवर पुष्कळ बायका साठी-सत्तरीला टेकल्या होत्या. त्यांतल्या अनेकींचे अर्ज फेटाळले गेले, कारण रुग्णालयांनी त्यांच्या जुन्या फायली मुदत संपली म्हणून नष्ट केलेल्या होत्या.